अप्पांचा ईएफ २५, स्टेम सेलची चौकशी आणि आमचं सव्वा वर्ष

ज्यांच्या घरात एको (हार्टची सोनोग्राफी) रिपोर्टवर "एलव्हीईएफ २५ टक्के" (थोडक्यात ईएफ, हार्टच्या पंपिंगचा आकडा) असं लिहून आलंय आणि रात्री बारा वाजता मोबाईलवर "कमजोर हार्टवर उपाय" शोधणं चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, सोलापुरात एका सूत व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघते. वडिलांची फाईल काखेत घेऊन फिरताना जे बघितलं, विचारलं आणि वहीत लिहून ठेवलं तेवढंच यात आहे. गोळ्यांची नावं येतील, पण डोस आमचे आहेत, तुमचे नाहीत, हे आधीच सांगते.

अप्पा एकसष्ट वर्षांचे. सगळी नोकरी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून, शुगर बऱ्याच वर्षांची, आणि सुपारी-तंबाखूचा मावा. सोलापूरच्या माणसाला मावा काय ते सांगायला नको. १९ नोव्हेंबर २०२३, वर्ल्ड कपची फायनल होती तो रविवार. मॅच बघता बघता छातीत जळजळ सुरू झाली, तर त्यांना वाटलं मॅचचं टेन्शन आणि दुपारची भजी. कुणाला काही न सांगता सोडा पिऊन झोपले. पहाटे घामाने बनियन भिजलं तेव्हा अव्वाने (आम्ही आईला अव्वाच म्हणतो) मला फोन केला. माझं सासर विजापूर रोडला, माहेर अशोक चौकाकडे, तिथून रिक्षा करून हॉस्पिटलात पोचेपर्यंत सात वाजून गेले होते. ईसीजी बघूनच डॉक्टर म्हणाले मोठा अटॅक आहे आणि रात्रीपासून चालू आहे. अँजिओग्राफीत हार्टच्या पुढच्या बाजूची मुख्य नळी, एलएडी, पूर्ण बंद. त्याच टेबलावर स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकला.

पैशाचं आधी सांगते कारण त्या सकाळी पहिला विचार तोच येतो. आमचं केशरी रेशनकार्ड आहे, त्यामुळे अँजिओप्लास्टी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झाली. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं, म्हणून इथल्या हॉस्पिटलांना तिची सवय आहे. यादीतल्या हॉस्पिटलात खाली एक टेबल असतं, तिथे आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार द्यायचं. आमच्या रेशनकार्डावर अप्पांच्या नावात एक अक्षर कमी आणि आधारवर पूर्ण नाव. उपचार त्यामुळे थांबले नाहीत, पण अर्जफाटे करत मी नंतर दोन दिवस खाली-वर करत होते. घरात सगळे धडधाकट असतानाच हे नाव जुळवून घ्या. शंका असेल तर १५५३८८ वर फोन लागतो. आमच्या वेळी वर्षाला कुटुंबाला दीड लाखाची मर्यादा होती, आता पाच लाख आहे आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आहे.

डिस्चार्जच्या कागदावर ईएफ २५. दादा (माझा मोठा भाऊ, पुण्यात हडपसरला असतो) फोनवर ओरडलाच की म्हणजे पंच्याहत्तर टक्के हार्ट बंद पडलं का. तसं नसतं. प्रत्येक ठोक्याला डावा कप्पा आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो तो हा आकडा, आणि चांगल्या माणसाचाही तो ५५ ते ७० च्या आसपासच असतो, शंभर कुणाचाच नसतो. हे कळल्यावर जरा हायसं वाटलं. तरी २५ म्हणजे कमीच.

डिसेंबर बरा गेला. जानेवारी २०२४ मध्ये गड्ड्याची जत्रा चालू असताना अप्पांना रात्री आडवं झालं की खोकला यायला लागला, तीन उशा घेऊन झोपायचे, मग खुर्चीतच बसून. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. आम्हाला वाटलं थंडीचा कफ असेल. पण ते फुफ्फुसात साठलेलं पाणी होतं. परत अ‍ॅडमिट, लॅसिक्सची (साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारं औषध) इंजेक्शनं, लघवी मोजायला बेडखाली भांडं, आणि यावेळी बिल खिशातून, अडतीस हजार. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर म्हणाले की आता गोळ्यांचे डोस हळूहळू वाढवू, निदान तीन महिने पूर्ण औषध झाल्यावर परत एको करू, आणि तेव्हाही ईएफ ३५ किंवा त्याच्या खाली राहिला तर छातीत एआयसीडी नावाचं, लय बिघडली तर शॉक देऊन सावरणारं मशीन बसवायचा विचार करावा लागेल, कारण एवढ्या कमजोर हार्टची लय अचानक बिघडू शकते. मशीनचा खर्च साडेतीन लाखांच्या पुढे सांगितला. अप्पा सगळं ऐकून घेत होते, गाडीत बसल्यावर म्हणाले, "मला आता कारखान्याच्या मोटारीसारखं स्टार्टर बसवणार म्हण की."

फेब्रुवारीत दादाचा मेसेज आला. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी स्टेम सेलचे (ज्यांच्यापासून शरीरात दुसऱ्या पेशी तयार होतात अशा मूळ पेशी) उपचार देणाऱ्या एका सेंटरचं पत्रक पाठवलं होतं. दुसऱ्या शहरातलं सेंटर, नाव लिहीत नाही. पत्रकात उपचाराआधीचा ईएफ २८, सहा महिन्यांनी ४२, असे चार-पाच पेशंट फोटोसकट. खाली "ऑपरेशनशिवाय हार्टचे नवीन स्नायू". खोटं कशाला बोलू, ते वाचून मलाही वाटलं की घर गहाण टाकू पण हे करू. मी फोन केला. कोऑर्डिनेटर मुलगी फार गोड बोलायची, "मॅडम, काकांना आपण नक्की बरं करू". पॅकेज तीन लाख ऐंशी हजार, राहणं वेगळं, आणि स्लॉट धरायला पंचवीस हजार टोकन, ते परत मिळत नाही. पेशी कुठून काढणार विचारलं तर आधी म्हणाली कमरेच्या हाडातून, काकांच्या स्वतःच्याच. दोन दिवसांनी तीच म्हणाली नाळेतून काढलेल्या रेडी असतात, सलाईनमधून देतो, एका दिवसात घरी. इथे मला पहिल्यांदा खटकलं. आमच्या दुकानात एखादा व्यापारी चाळीसचं सूत सांगून वीसचं पाठवायला लागला तर आम्ही चलन बघतो, म्हटलं इथेही आधी कागद बघू.

मार्चमध्ये फाईल घेऊन आमच्या सोलापूरच्या हार्टच्या डॉक्टरांकडे गेले. फी सहाशे, नंबर सत्तावीस, संध्याकाळी साडेसहाचा टाइम देऊन आत गेलो नऊला. मला भीती होती की स्टेम सेलचं नाव काढलं की ते चिडतील. चिडले नाहीत. पत्रक नीट वाचलं आणि चष्मा काढून एवढंच विचारलं, "ताई, ज्यांनी हे घेतलं त्यांचा ईएफ वाढला हे दिसतंय. ज्यांनी घेतलं नाही त्यांचा किती वाढला, ते कुठे लिहिलंय?" मग प्रिस्क्रिप्शनच्या मागे हार्ट काढून समजावलं. अटॅकमध्ये काही स्नायू मरतो, तो परत येत नाही, तिथे डाग राहतो. पण त्याच्या आजूबाजूचा बराचसा स्नायू नुसता बेशुद्ध पडलेला असतो. नळी उघडली, गोळ्या सुरू झाल्या की तो काही आठवड्यांत, काही महिन्यांत उठतो. म्हणजे अटॅकनंतर चार-सहा महिन्यांनी बऱ्याच पेशंटचा ईएफ तसाही वर जातो. मधल्या काळात तुम्ही स्टेम सेल घ्या, नाहीतर गंडा बांधा, श्रेय त्यालाच मिळणार.

हे मला घरी येईपर्यंत पुरलं. सात रस्त्यावर सिग्नलला थांबले होते तेव्हा डोक्यात तेच, की पत्रकातले ते सगळे पेशंट स्टेंटवाले होते का, गोळ्या घेत होते का, त्यांच्याबरोबर अजून किती जणांनी पैसे भरले आणि त्यांचे फोटो का नाहीत.

पुढचे काही रविवार मी वाचण्यात घालवले. इंग्रजी जड जातं, पण भाच्याला बसवून वाचून घेतलं. जे पक्कं कळलं ते सांगते. हार्टचे स्नायू स्वतःहून फारच हळू बदलतात, २००९ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी हिशोब काढला होता, पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का आणि पंच्याहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून तर बाहेरून पेशी घालायची कल्पना आली. २००१ मध्ये अमेरिकेत पिएरो अँव्हर्सा नावाच्या शास्त्रज्ञाच्या टीमने जाहीर केलं की उंदराच्या मेलेल्या हार्टस्नायूत बोन मॅरोच्या (हाडातल्या मगजाच्या) पेशी घातल्या तर नवीन स्नायू तयार होतो. जगभर धूम. त्याच सुमाराला जर्मनीत माणसांवरही सुरू झालं. पण दुसऱ्या लॅबमध्ये उंदरांवरचा तो प्रयोग तसा जमेना, आणि शेवटी २०१८ मध्ये हार्वर्ड आणि तिथल्याच ब्रिगहम हॉस्पिटलने सांगितलं की अँव्हर्साच्या लॅबचे ३१ पेपर मागे घ्यायला हवेत, त्यात खोटा किंवा फेरफार केलेला डेटा आहे. ३१! माणसाने एक-दोन समजून घ्यावेत. हे वाचलं त्या रात्री मला पत्रकातल्या "नवीन स्नायू" या शब्दांचा राग आला, कारण तिथे ते अजूनही छापून येतंय.

म्हणजे सगळंच थोतांड का? नाही, आणि दादाशी माझं भांडण इथेच झालं. तो म्हणाला ब्लड कॅन्सरला, थॅलेसेमियाला बोन मॅरो ट्रान्सप्लांट होतंच ना, मग हार्टला का नको. मुद्दा बरोबर आहे, म्हणून मी पुढच्या भेटीत डॉक्टरांना तोच विचारला. ते म्हणाले तिथे रक्त बनवणाऱ्या पेशींच्या जागी रक्त बनवणाऱ्याच पेशी घालतात, त्यांचं ते रोजचं काम. हार्टमध्ये घातलेल्या पेशी हार्टचा स्नायू बनत नाहीत, बऱ्याचशा काही दिवसांत निघून जातात, आणि शिरेतून सलाईनने दिल्या तर बहुतेक फुफ्फुसातच अडकतात. आता संशोधन वेगळ्या दिशेने चालू आहे, त्या पेशी जी रसायनं सोडतात त्याने सूज कमी होते का वगैरे. युरोपात बामी नावाची मोठी ट्रायल (पेशंटवर उपचार तपासून बघायचा प्रयोग) ३००० पेशंटसाठी आखली होती, ३७५ च मिळाले, २०२० मध्ये रिझल्ट आला पण ठोस काही म्हणता आलं नाही. मग २०२३ मध्ये ड्रीम एचएफ नावाच्या ट्रायलचा रिझल्ट छापून आला, त्यात पाचशेच्या वर पेशंट होते, सगळ्यांना कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात त्या खोलीत) नेलं, निम्म्यांना खऱ्या पेशी आणि निम्म्यांना नुसतंच नाटक, कुणाला काय मिळालं ते पेशंटला माहीत नाही. जे मुख्य बघायचं होतं, हार्ट फेल्युअरसाठी परत परत अ‍ॅडमिट व्हावं लागणं, त्यात फरक पडला नाही. अटॅक आणि पक्षाघात मात्र पेशीवाल्यांत कमी दिसले, म्हणून आशा आहे आणि काम चालू आहे. पण काम चालू आहे म्हणजे तयार झालेलं नाही. तीन लाख ऐंशी हजाराला विकायला तर नाहीच.

आणि आपल्याकडचा नियम. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाने २०१७ मध्ये काढलेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत. रक्ताच्या ठराविक आजारांचं ट्रान्सप्लांट सोडून बाकी कुठलीही स्टेम सेल थेरपी ही ट्रीटमेंट नाही, संशोधन आहे, ती फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच द्यायची आणि ट्रायलमधल्या पेशंटकडून तिचे पैसे घ्यायचे नाहीत. मला हे एकच वाक्य फेब्रुवारीत माहीत असतं तर सगळा गुंता तिथेच सुटला असता. पैसे मागतायत म्हणजे ती ट्रायल नाही, आणि ट्रायल नाही म्हणजे त्याला परवानगी नाही.

तरी दादाचं समाधान व्हायला पाहिजे होतं, शेवटी वडील त्याचेही आहेत आणि लांब राहणाऱ्याला आपण काही करत नाही ही टोचणी जास्त असते. मी त्यालाच कॉन्फरन्सवर घेऊन सेंटरला फोन लावला आणि स्पीकरवर विचारलं की तुमचा सीटीआरआय नंबर द्या. सीटीआरआय म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदवही, २००७ पासून आहे, २००९ पासून नोंद सक्तीची आहे, वेबसाइटवर कुणालाही फुकट शोधता येतं. नंबर "सीटीआरआय, वर्ष, महिना" असा सुरू होऊन पुढे आकडे असतात. मुलगी म्हणाली पाठवते. आला तो कंपनीचा रजिस्ट्रेशन नंबर. परत फोन केला, तर "मॅडम आमचे सर बोलतील". सर काही बोलले नाहीत. मग एथिक्स कमिटीचं (ट्रायल पेशंटच्या दृष्टीने योग्य आहे का ते बघणारी समिती) पत्र मागितलं, काही त्रास झाला तर भरपाई कोण देणार विचारलं (खऱ्या ट्रायलमध्ये २०१९ च्या नियमांप्रमाणे ती द्यावी लागते), तर म्हणाली की "एवढा विचार करणाऱ्या लोकांचे पेशंट उशिरा येतात मॅडम". दादा लाईनवर गप्प. फोन ठेवल्यावर म्हणाला, "टोकन नको भरूस."

सीटीआरआयवर आम्ही स्वतःही शोधलं. हार्ट आणि स्टेम सेल टाकून ज्या नोंदी उघडल्या त्यात प्रत्येक ठिकाणी अटी असतात, अटॅकनंतर किती दिवस, ईएफ किती, किडनी कशी, आणि भरती चालू आहे की संपली. अप्पा कुठेच बसत नव्हते. पण तुमचा पेशंट बसत असेल तर तिथे संपर्काचा पत्ता असतो आणि खरी ट्रायल असेल तर जायला काही हरकत नाही, तुमच्या डॉक्टरांना दाखवून जा.

एप्रिलच्या सुरुवातीला पुण्याला सेकंड ओपिनियन घेतलं, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गेलो. अप्पांना चेअरकारमध्ये पाय खाली सोडून बसलं की सूज येते म्हणून समोर बॅग ठेवून तिच्यावर पाय. तिथे कार्डियाक एमआरआय करायला सांगितला, साडेनऊ हजार, तासभर मशीनमध्ये, श्वास धरा-सोडा. स्टेंट असला तरी एमआरआय चालतो, फक्त स्टेंटचं कार्ड बरोबर न्यायचं. त्यात दिसलं की डाग आहे पण पूर्ण भिंतीचा नाही, बाकीचा स्नायू जिवंत आहे. पुण्याचे डॉक्टरही तेच म्हणाले जे सोलापूरचे म्हणत होते, गोळ्या वाढवा आणि थांबा. येताना स्टेशनवर अप्पा म्हणाले, "एवढ्या लांब येऊन तेच ऐकायचं होतं तर घरीच झोपलो असतो की बे." पण मला ते दोन ठिकाणांहून ऐकायची गरज होती.

आता गोळ्या. कमजोर हार्टला आज चार प्रकारची औषधं एकत्र देतात आणि ती चारही आयुष्य वाढवतात हे मोठमोठ्या ट्रायलमध्ये सिद्ध झालेलं आहे. आमच्याकडे ती अशी: सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, डॅपाग्लिफ्लोझिन. शिवाय रक्त पातळ करायच्या दोन, कोलेस्टेरॉलची, आणि लॅसिक्स. पहिली सुरू करताना आधीची रामिप्रिल बंद करून ३६ तास थांबावं लागलं, ते मी घड्याळ लावून पाळलं. सुरुवात ५० च्या गोळीने, मग १००, मग २०० दिवसातून दोनदा, आणि प्रत्येक पायरीला दोन-तीन आठवडे, कारण अप्पांचं बीपी आधीच शंभरच्या आसपास, गोळी वाढली की उठताना चक्कर. प्रत्येक वाढीनंतर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी. एकदा पोटॅशियम ५.६ आलं, सगळे घाबरलो, स्पायरोनोलॅक्टोन निम्मी केली. मग लक्षात आलं की शेजारच्या काकूंनी प्रेमाने "हार्टवाल्यांचं लो सोडियम मीठ" आणून दिलं होतं, त्यात पोटॅशियमच असतं. या गोळ्या चालू असताना ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. सैंधव म्हणजेही मीठच, त्याने काही सूट मिळत नाही. आणि गुडघा दुखला म्हणून मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका, पाणी साठतं आणि किडनीवर येतं.

किमतीचं म्हणाल तर सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टनचं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं आणि भरपूर देशी ब्रँड आले, पण डॉक्टर सवयीने महागडाच लिहितात. मी सरळ विचारलं की यातलं स्वस्त आणि चांगलं कुठलं, त्यांनी लगेच बदलून दिलं. लॅसिक्स, स्पायरोनोलॅक्टोन, कोलेस्टेरॉलची गोळी जनऔषधीतून. महिन्याचा खर्च साडेचार हजारांवरून एकोणीसशेवर आला. विचारायला लाजू नका एवढंच.

सगळ्यात अवघड गेले ते एप्रिल आणि मे. डॉक्टरांनी पाणी दिवसाला दीड लिटर सांगितलेलं, त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरून. आणि सोलापूरचा मे! बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, नळाला चार दिवसांनी पाणी येणार, पत्र्याची खोली, आणि माणसाला म्हणायचं पिऊ नका. मी एक लिटरच्या बाटलीवर चिकटपट्टीने चार खुणा केल्या, सकाळी भरून ठेवायची, त्यातलंच पाणी प्यायचं, उरलेला अर्धा लिटर चहा-आमटीचा. अप्पा दुपारी दोनपर्यंत तिसऱ्या पट्टीवर पोचलेले असायचे आणि मग बाटलीकडे बघत बसायचे. एकदा मला म्हणाले, "पोटच्या पोरीनं पाण्याला मोताद केलं." मला रडूच आलं. पण सांगायचं हे की मी डॉक्टरांना फोन करून उन्हाचं सांगितलं, वजन सांगितलं, तर त्यांनी पाणी थोडं वाढवून लॅसिक्स कमी केली. हे स्वतःच्या मनाने करायचं नाही, पण विचारलं तर मार्ग निघतो. तोंड कोरडं पडलं की बर्फाचा छोटा खडा चघळायला देत होतो, त्याने बरंच भागतं.

रोज सकाळी लघवी झाली की चहाच्या आधी वजन, त्याच काट्यावर, कॅलेंडरवर लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अन्नाचं नसतं, पाण्याचं असतं, लगेच फोन. जूनमध्ये एकदा तसं झालं, नात्यातल्या लग्नात जेवले होते, लोणचं-पापड हाणले होते. फोनवरच लॅसिक्स दोन दिवस वाढवली आणि अ‍ॅडमिशन टळलं. मीठ सगळं मिळून दिवसाला एक चमचा, म्हणजे शेंगाचटणी जवळजवळ बंद. अव्वाने मग बिनमिठाची चटणी करून बघितली, लसूण आणि तिखट जास्त टाकून. अप्पांनी कडक भाकरीला लावून एक घास खाल्ला आणि काही न बोलता ताट सरकवलं. आता खातात.

जूनच्या शेवटी एको झाला. ३३. मशीनची वेळ आली असं वाटून माझी झोप उडाली. त्याच आठवड्यात दुसरीकडे परत करून घेतला, दोन हजार गेले, तिथे ३७. तेच हार्ट, तेच औषध, चार दिवसांचं अंतर. डॉक्टर म्हणाले एकोमध्ये बघणाऱ्याच्या नजरेने पाचेक टक्के इकडे-तिकडे होतातच, म्हणून एकाच ठिकाणी, शक्यतो एकाच माणसाकडून करून घ्या. पत्रकातले २८ आणि ४२ कुणी मोजले, एकानेच की दोघांनी, हा प्रश्न मला तोवर सुचलाच नव्हता. होल्टर लावून चोवीस तासांची लय बघितली, धोक्याचं काही दिसलं नाही, २०० ची गोळीही नुकतीच सुरू झालेली, म्हणून मशीनचा निर्णय तीन महिने पुढे ढकलला. ते तीन महिने मी रात्री दोनदा उठून अप्पांचा श्वास बघत होते. हे डॉक्टरांनाही सांगितलं, ते म्हणाले जोखीम आहे, शून्य नाही, पण आकडा चढतोय.

सप्टेंबर २०२४ मध्ये, त्याच पहिल्या ठिकाणी, ४१.

मी रिपोर्टचा फोटो दादाला पाठवला. त्याचा लगेच फोन. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "आपण मार्चमध्ये पैसे भरले असते ना, तर आज मी सगळ्यांना सांगत सुटलो असतो की स्टेम सेलनं झालं." मी म्हटलं त्यांनी अप्पांचा फोटोही छापला असता. २५ वरून ४१, म्हणजे वाढ त्यांच्या पत्रकातल्या २८ वरून ४२ वाल्या पेशंटपेक्षा जास्त.

प्रत्येकाचं असं होतं असं नाही. आमच्याबरोबर अ‍ॅडमिट असलेल्या एका आजोबांचा आकडा हललाच नाही, त्यांना मशीन बसवलं, ते ठीक आहेत. डाग मोठा असेल तर गोळ्याही तो पुसू शकत नाहीत. अप्पाही अजून जिना चढताना मध्ये थांबतात, जड काही उचलत नाहीत. गोळ्या कायमच्या, आकडा वाढला म्हणून सोडायच्या नाहीत, सोडल्या तर परत घसरतो. मावा सुटलाय, निदान माझ्यासमोर तरी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये हे लिहितेय. पुढचा एको सप्टेंबरमध्ये, मशीनचा विषय सध्या बंद. फाईलमध्ये मी हे ठेवते: सगळे एको तारखेप्रमाणे, अँजिओची सीडी, स्टेंटचं कार्ड, शेवटचं प्रिस्क्रिप्शन, पोटॅशियम-क्रिएटिनिनचे रिपोर्ट, वजनाच्या कॅलेंडरचा मोबाईलवर काढलेला फोटो. ओपीडीत डॉक्टरांना दोन मिनिटांत सगळं दिसतं आणि आपले प्रश्न विचारायला वेळ उरतो. प्रश्न आधी कागदावर लिहून न्या, आत गेलं की निम्मे विसरतात. त्या सेंटरचा अजून मेसेज येतो, दिवाळीत सवलत होती म्हणे. मी दर वेळी सीटीआरआय नंबर मागते, मग महिनाभर येत नाही.